ताईंचा वाफारा

काम अगदी साधं होतं. शेजारच्या विमानतळावर रंगवायला दिलेलं दोन सीटचं छोटं विमान परत आणायचं. हवेत चाळीस मिनिटं, बस्स. मिस्त्रीकाका ही गोष्ट नेहमी इथूनच सुरू करतात, आणि धुक्यामुळे उड्डाणं बंद पडल्याशिवाय ती सांगतही नाहीत.

त्या संध्याकाळीही धुकं होतं. फ्लाइंग क्लबच्या हँगरचं शटर अर्ध्यावर ओढलेलं, आत एकच दिवा, आणि चार शिकाऊ पोरं तेलाच्या रिकाम्या डब्यांवर बसलेली. बाहेर धावपट्टीचे दिवे एकेक करून पुसले जात होते.

"काका, हे खरं घडलंय, की आम्हाला घाबरवायला?" त्यांच्यातल्या उंच पोरीने विचारलं.

"ज्याच्यावर आलं त्याच्या खाटेशी मी अकरा रात्री बसलोय," मिस्त्रीकाका म्हणाले. "त्याच्या तोंडून ऐकलंय सगळं. खोटं वाटत असेल तर बाहेर जा आणि धुकं मोजत बस."

पोरगी जागची हलली नाही.

ज्याच्यावर आलं तो या क्लबचा मुख्य शिक्षक. सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे. साठीला टेकलेला, मिशांना रोज सकाळी पाच मिनिटं देणारा. उडवायचा उत्तम, त्यात वाद नाही. पण खोटं असं बोलायचा की ऐकणाऱ्याला आपणच चुकलो असं वाटावं. आणि अशा माणसाचं एक असतं, त्याला सगळं जग आपल्यासारखंच खोटारडं दिसतं.

त्याच्या हाताखाली एक बाई शिकवायची. तिला सगळे ताई म्हणत. ताईंचं शिकवणं म्हणजे घोकून घेणं. शिकाऊ पोरगा हवेत असो की जिन्यात, ताई विचारायच्या, "उतरण्याआधी काय?" आणि पोराने म्हणायचं, "वाफारा."

वाफारा हे नाव कॅप्टननेच पाडलं होतं, टिंगल म्हणून. विमानाच्या इंजिनात कार्बोरेटर असतो, तिथे पेट्रोल आणि हवा मिसळतात. मिसळताना तो भाग इतका गार होतो की दमट हवेतलं पाणी आतल्या आत गोठतं. त्याला कडाक्याची थंडी लागते असंही नाही, साधा स्वेटर पुरेल अशा दिवशीसुद्धा आत बर्फ धरतो. इंजिनाचा गळा आवळत जातो. उपाय एकच. समोरची एक मूठ ओढायची, की इंजिनाच्या अंगची गरम हवा आत शिरते आणि बर्फ वितळतो. पण ते वितळलेलं पाणी गिळताना इंजिन खोकतं. हादरतं. होता तोही जोर सोडतं. नवख्याला वाटतं आपण भलतंच काही केलं, आणि तो घाबरून मूठ परत आत ढकलतो. मग मरतो.

म्हणून ताईंचा दुसरा धडा असायचा, "थांब. खोकू दे त्याला."

"ताईबाई, इंजिनाला सर्दी झालीय वाटतं?" कॅप्टन सगळ्यांसमोर विचारायचा. "वाफारा दिलात, आता काढाही पाजा."

"काढा तुमच्यासाठी ठेवलाय, कॅप्टन," ताई म्हणायच्या. "तुम्हालाच जास्त गरज दिसते."

पोरं हसायची. कॅप्टनही हसायचा, पण त्याचं हसू मिशीच्या वरपर्यंत कधी पोचायचं नाही.

एका ऑक्टोबरात ताईंनी विमानाच्या तक्रारवहीत लिहिलं : गरम हवेच्या मुठीची तार झिजली आहे. धागे तुटलेत, एक-दोन उरलेत. तार बदलल्याशिवाय हे विमान उडवू नये. खाली सही. मिस्त्रीकाका त्याच दिवशी नवी तार आणायला शहराला गेले. यायला चार दिवस लागणार होते.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. क्लबच्या अध्यक्षांचे पाहुणे विमानात बसायला येणार होते आणि दुसरं विमान बंद होतं. कॅप्टन ताईंना म्हणाला, "मिस्त्री काल रात्री येऊन तार बसवून गेला. तुम्ही एकट्या एक फेरी मारून या, वर हवा कशी आहे बघा."

"वहीत सही आहे का त्याची?"

"वही ऑफिसात आहे, बाई. माझ्यावर विश्वास नाही?"

ताईंनी जमिनीवर मूठ ओढून पाहिली. उरलेल्या दोन धाग्यांनी तेवढं काम केलं. ताई उडाल्या. उतरताना त्यांनी मूठ पुन्हा ओढली असणार, कारण ती बाई मूठ ओढल्याशिवाय कधी उतरलीच नव्हती. मूठ तारेसकट हातात आली असेल. तिथून धावपट्टी अर्धा मैल होती. ताई अर्धा मैल अलीकडेच पडल्या.

दुपारच्या आत कॅप्टनने वहीतलं ते पान फाडलं आणि ऑफिसच्या मागे जाळलं.

मग चौकशी झाली. मिस्त्रीकाका परत आले तेव्हा मोडकं विमान आधीच भंगारात गेलं होतं आणि टेबलावर एक कागद तयार होता. 'विमान सुस्थितीत होते.' खाली सहीची जागा.

"आणि तुम्ही सही केलीत?" उंच पोरीने विचारलं.

"केली."

"का?"

मिस्त्रीकाकांनी मांडीवरचं तेलकट फडकं उलगडलं आणि पुन्हा घडी घातली. बराच वेळ घालत राहिले.

"पोरी, घाबरलो म्हणून केली. याहून मोठं कारण असतं तर सांगितलं असतं तुला."

अहवाल आला. त्यात एक ओळ होती : वैमानिक महिलेने गरम हवेची मूठ वेळेत ओढली नाही. जिने अख्ख्या क्लबला वाफारा शिकवला, तिच्यावरच हा ठपका. ताईंचा धाकटा भाऊ इथल्याच टॉवरमध्ये रेडिओवर बसायचा. त्याने ती ओळ वाचली आणि घरी म्हाताऱ्या आईलाही वाचून दाखवावी लागली. त्यानंतर आई रोज संध्याकाळी तो घरात शिरला की एकच विचारायची, "खोडली का रे ती ओळ?" तो म्हणायचा, "नाही अजून." मग दोघं मुकाट जेवायची. त्याने अर्ज केले. अर्ज कॅप्टनकडेच अभिप्रायाला यायचे. कॅप्टन अभिप्राय लिहायचा, 'कुटुंबीयांच्या भावना समजू शकतो.' निर्लज्जपणालाही हस्ताक्षर चांगलं असतं.

असे पंधरा महिने गेले.

आता त्या रात्रीचं. तीन वर्षांपूर्वीची सतरा जानेवारी, मंगळवार. रंगवलेलं विमान आणायला कॅप्टन स्वतः गेला होता, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तपासणी अधिकारी यायचे होते. रंगाऱ्यांनी वेळ लावला. सूर्य मावळला. मिस्त्रीकाकांनी त्याला फोन केला.

"साहेब, आज नका निघू. वारा पडलाय, आणि हवेचं तापमान दवबिंदूला टेकत आलंय. तासाभरात इथे धुकं बसेल. पहाटे मी येतो, दोघं आणू."

"मी विमानं उडवत होतो तेव्हा तू सायकलींची पंक्चरं काढत होतास," कॅप्टन म्हणाला. "पान्हे मोजून ठेव. आलोच."

सहा वाजून दहा मिनिटांनी तो उडाला.

वर छान होतं. चांदण्या निघाल्या होत्या. विमान नव्या रंगाच्या वासाने भरलेलं. उजवी सीट रिकामी, तिच्यासमोर हुकाला दुसरा हेडफोन लटकत होता. कॅप्टन एक जुनं गाणं गुणगुणत होता. हे तो नंतर दर रात्री सांगायचा, की मी गुणगुणत होतो, मिस्त्री, मला कसलीही भीती नव्हती.

सहा बेचाळीसला त्याने टॉवरला हाक दिली. भाऊ बोलला.

"साहेब, दृश्यता आठशे मीटर आणि कमी होतेय. परत फिरा. तिकडे अजून मोकळं आहे, मी विचारून घेतलंय."

कॅप्टनने खाली पाहिलं. धावपट्टीचे दिवे दोन सरळ ओळींत लखलखत होते.

"मला इथून एकेक दिवा मोजता येतोय, बाळा. बहिणीचा राग माझ्या पेट्रोलवर काढू नकोस."

रेडिओवर थोडी खरखर झाली.

"राग आहेच, साहेब," भाऊ म्हणाला. "पण धुकंही आहे."

कॅप्टन हसला. भाऊ खरं बोलत होता. सरळ वरून पाहिलं तर पातळ धुक्यातून खालचं सगळं दिसतं. उतरायला लागलं, तिरकं पाहिलं, की तेच धुकं भिंत होतं. हे कॅप्टनलाही ठाऊक होतं, पोरांना तोच शिकवायचा. पण भाऊने ते सांगितलं ना. आपण त्याच्या जागी असतो तर खोटंच बोललो असतो, असा त्याने हिशेब लावला आणि इंजिनाचा जोर कमी करून विमान खाली घेतलं.

पहिल्याच मिनिटात दिवे गेले.

समोर पांढरं. बाजूला पांढरं. पंखावरचा लाल दिवा त्या पांढऱ्यात रक्तासारखा पसरलेला. कॅप्टनने घड्याळांवर नजर लावली. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा हळूहळू खाली येत होता. त्याने जोर आणखी कमी केलाही नव्हता.

"कॅप्टन, वाफारा."

आवाज हेडफोनमध्ये आला. स्वच्छ, जवळून. टॉवरच्या आवाजाला खरखर असते, याला नव्हती. शेजारच्या सीटवरचा माणूस बोलला की येतो तसा आवाज.

कॅप्टनने उजवीकडे पाहिलं नाही.

हुकाला हेडफोन लटकत होता तिथे डोळ्याच्या कोपऱ्यातून फक्त हूक दिसत होता. नुसता हूक.

"कोण..."

काटा आणखी खाली आला.

"वहीत काय लिहिलं होतं मी?"

त्याने सुकाणू आणखी घट्ट धरलं.

"वाच."

"वही... वही नाही इथे."

"तुला पाठ आहे. वाच."

आयुष्यात पहिल्यांदा ताईंनी त्याला अरे-तुरे केलं होतं. नापास पोराला करतात तसं.

आणि कॅप्टनने वाचलं. आपल्याच तोंडून शब्द कसे निघाले ते त्याला कळलं नाही. मुठीची तार झिजली आहे. धागे तुटलेत, एक-दोन उरलेत. तार बदलल्याशिवाय...

"पुढे."

"...हे विमान उडवू नये."

"पान कुठे आहे?"

"जाळलं."

"कुणी?"

"मी."

"मला काय सांगितलंस?"

"तार बसवली असं... मी सांगितलं. मिस्त्री आलाच नव्हता. मला माहीत होतं. बाई, मला सगळं माहीत होतं..."

एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. सुकाणूच्या मुठीवर रेडिओचं बटण असतं, ते दाबलं की आपलं बोलणं टॉवरला जातं. भीतीने कॅप्टनचा अंगठा त्या बटणावर असा गच्च बसला होता की नख पांढरं पडलं होतं. तिकडे टॉवरमध्ये भाऊ एकटा बसून ऐकत होता. त्याला फक्त कॅप्टन ऐकू येत होता. कॅप्टन बोलायचा, थांबायचा, पुन्हा बोलायचा, कुणाला तरी उत्तर दिल्यासारखा. शेजारी टेप फिरत होती. भाऊला दोनदा ओरडावंसं वाटलं, पण कॅप्टनचं बटण दाबलेलं असताना त्याला काहीच ऐकू गेलं नसतं. भाऊने आपत्तीच्या गाडीची घंटा दाबली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

इंजिन आता धापा टाकत होतं.

"वाफारा," आवाज म्हणाला. "ओढ."

कॅप्टनने मूठ ओढली. तार शाबूत होती. मिस्त्रीकाकांनी स्वतःच्या हाताने बसवलेली होती ती, ताई गेल्यावर प्रत्येक विमानाला त्यांनी नवी तार बसवली होती. आत झडप उघडली. गरम हवा शिरली.

इंजिन खोकलं.

सगळं विमान हादरलं. काचा थरथरल्या. काटा धाडकन खाली.

"थांब."

पुन्हा खोकलं. याहून मोठ्याने.

"खोकू दे त्याला."

कॅप्टन थांबला. एक... दोन... तीन...

आणि मग त्याच्या मनात आलं, ही मला का वाचवेल?

मी हिला मारलं. हिच्या नावाला काळं फासलं. ही मला खरं का सांगेल? मी असतो तर सांगितलं नसतं. ही मला मारतेय. याच मुठीने मारतेय.

"खोकू दे..."

त्याने मूठ आत ढकलली.

खोकला थांबला. इंजिन क्षणभर गुळगुळीत चाललं. कॅप्टनने श्वास सोडला. उजवीकडे न बघता तो म्हणाला, "फसवतेस मला?"



मग काटा पुन्हा खाली यायला लागला. भरभर. त्याने मूठ पुन्हा ओढली, पण आता आत गरम असं काही उरलंच नव्हतं. इंजिन खोकलंही नाही. नुसतं... थांबलं.

वाऱ्याची सळसळ. नाकावरचा पंखा आपला आपण फिरतोय. सगळीकडे पांढरं.

"बाई."

काही नाही.

"ताई... आता काय करू? सांगा ना. तुम्ही सांगाल तसं करतो. ताई..."

हेडफोनमध्ये बारीक खट्ट झालं. धडा संपला की शिक्षक आपला हेडफोन काढून ठेवतो, तसं.

मग जमीन.

आपत्तीची गाडी त्याला धुक्यात चाळीस मिनिटं शोधत होती. भाऊ पुढे बॅटरी घेऊन चालत होता, त्यालाच तो आधी सापडला. लोक आजही कुजबुजतात की भाऊने वेळ काढला असेल. नाही काढला. त्याने स्वतः कॅप्टनच्या डोक्याखाली आपलं जॅकेट ठेवलं. कॅप्टनने डोळे उघडले आणि भाऊला विचारलं, "ती कुठे गेली?"

अकरा दिवस जगला तो. दिवसा नातेवाईक यायचे, रात्री मिस्त्रीकाका बसायचे. रात्री तो हे सगळं सांगायचा, पहिल्यापासून, एकही शब्द न बदलता. खोटारड्या माणसाला एवढं सारखं सांगता येत नाही. दहाव्या रात्री मिस्त्रीकाका त्याला म्हणाले, "साहेब, ती खरंच सांगत होती. आणखी चार सेकंद थांबला असतात तर बर्फ गेला असता. पुढच्या धुक्याचं मला माहीत नाही, पण इंजिन चाललं असतं."

कॅप्टन छताकडे बघत राहिला.

"तेच तर, मिस्त्री," तो म्हणाला. "तिने मला खोटं सांगितलं असतं तर मी वाचलो असतो."

टेपवर दोन मिनिटं चाळीस सेकंद त्याचा एकट्याचा आवाज आहे. ती टेप चौकशीवाल्यांकडे गेली. सोबत मिस्त्रीकाकांचा कागदही गेला, या वेळी खरा, आणि त्या कागदापायी त्यांना दोन वर्षं पान्ह्याला हात लावायला बंदी झाली. ती त्यांनी गुपचूप भोगली. नवा अहवाल आला. जुनी ओळ खोडली होती. भाऊने तो घरी नेला. आईने नेहमीचा प्रश्न विचारला. त्याने कागद उलगडला आणि वाचला : वैमानिक महिलेने मूठ वेळेत ओढली होती.

"पुन्हा वाच," आई म्हणाली.

त्याने वाचलं.

"अजून एकदा."

सात वेळा वाचलं त्याने. मग आई म्हणाली, "बरं झालं. पण तो फार लवकर मेला." आणि ताटं घेतली.

हँगरमध्ये पोरांनी आपापले डबे एकमेकांजवळ सरकवले. शटरच्या खालून धुकं आत सरपटत येत होतं.

"म्हणजे भास, काका," उंच पोरगी शेवटी म्हणाली. तिचा आवाज आधीपेक्षा बारीक होता. "मनात खात होतं, अंधार होता, धुकं होतं. माणसाला वाटेल ते ऐकू येतं."

"तपासणीवालेही तेच म्हणाले," मिस्त्रीकाका म्हणाले. "मीही तेच म्हणालो असतो."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी ते विमान मी सोडवलं. बंदी नंतर आली, तेव्हा अजून काम माझंच होतं. सीटचे पट्टे कापून काढायचे होते. एकटा माणूस उडतो तेव्हा उजव्या सीटचा पट्टा नुसता लावून ठेवतात, लोंबकळू नये म्हणून. तसा तो लावलेला होता. त्यात काही नाही."

त्यांनी फडकं दोन्ही हातांत ताणून धरलं.

"पट्ट्यावर आपटताना माणसाचं वजन आलं ना, की तो ताणतो. बक्कलपाशी कापड पांढुरकं पडतं, शिवण उसवते. कॅप्टनचा पट्टा तसा झाला होता. होणारच, त्यात माणूस होता."

"...आणि उजवा?"

"बॅग मागे होती, जागच्या जागी. उजव्या सीटवर काही नव्हतं. कागदाचा कपटासुद्धा नव्हता."

मिस्त्रीकाकांनी फडकं खाली ठेवलं.

"उजव्या पट्ट्याची शिवण पार उसवली होती."